आखाजीची घागर

बालमित्रांनो, वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे आपल्या खान्देशाची आखाजी. या दिवशी जळगाव-धुळ्याकडे घरोघरी मातीची घागर पाण्यानं भरतात, वर खरबूज, आंबा ठेवतात. घास विस्तवावर टाकून पूर्वजांची आठवण काढतात. ऐन उन्हाळ्यात आपल्या माणसाला तहान लागली तर? म्हणून हे पाणी!

आता हे ऐका. सातासमुद्रापार मेक्सिकोतही १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांसाठी घरात झेंडूची फुलं मांडतात आणि पेलाभर पाणी ठेवतात. लांबून आलेला जीव तहानलेला असणार ना! इकडे आपले मुसलमान शेजारी शब-ए-बरातला कब्रस्तानात जाऊन आपल्या माणसांसाठी दुवा मागतात.

कुणी दहन करतं, कुणी दफन. रीत वेगळी, माया तीच. म्हणून वडील गेल्यावर एखादा मित्र डोकं भादरून शाळेत आला, तर हसू नका. सगळ्यांसमोर 'काय झालं रे?' असं विचारूही नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, बुडालेला अभ्यास उतरवून द्या.

आणि येत्या आखाजीला आजीला विचारा, आपल्या घरी घागर कुणाच्या नावानं भरतात? ते नाव वहीत लिहून ठेवा बरं का!