सामना ‘बंद केला’

‘द मॅच वॉज पुट ऑफ.’ सातवीच्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सामना बंद केला.” वर्ग हसला. उत्तर चुकलं होतं, पण मुलाने डोकं चालवलं होतं. घरात रोज ‘लाइट ऑफ कर’ ऐकणाऱ्याने ‘ऑफ’वरून आणखी काय ओळखावं?

आपण त्याला देतो काय? वहीचं पान दुमडून केलेली यादी. पुट ऑफ – पुढे ढकलणे, पुट आउट – विझवणे, पुट अप विथ – सहन करणे. चाळीस पाठ करून या! परीक्षेनंतर त्यातली चारही उरत नाहीत.

ही अडचण जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच, अशी जोडक्रियापदं परक्यांना सर्वांत जड जातात, असं नोंदवून ठेवलं. पण मराठी मुलाला हा प्रकार परका नाही. ‘वाचून टाक’, ‘वाचून काढ’, ‘वाचून दाखव’ यांतला फरक त्याला शाळेत यायच्या आधीपासून कळतो. ‘काढ’ म्हटल्यावर तो पुस्तक दप्तरातून काढत बसत नाही. ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांतलं अंतर ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांतून त्याला चटकन दाखवता येतं.

‘ऑफ’चंही तसंच. ‘दूर’ हा अर्थ हाताशी धरला, की सामना आजच्या तारखेपासून दूर नेऊन ठेवला, हे दिसतं. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे वासानेच जेवणावरचं मन उडालं; इथे माणूसच ताटापासून दूर गेला. सगळीकडे ही किल्ली लागणार नाही. ‘पुट अप विथ’ पाठच करावं लागेल. आणि रचना वाक्यातूनच शिकवावी: ‘पुट ऑफ द मॅच’ चालतं, ‘पुट द मॅच ऑफ’ही चालतं, पण सर्वनाम आलं, की फक्त ‘पुट इट ऑफ’.

तेव्हा या सत्रात यादी निम्मी करा आणि चुकलेल्या उत्तराला ‘असं का वाटलं?’ एवढं विचारून पाहा.

त्याच मुलाला पुढे ‘कॉल्ड ऑफ’ विचारलं. थोडं थांबून तो म्हणाला, “हाक मारून लांब नेलं?” अर्थ ‘रद्द केला’ असा आहे. पण शिकारीवर सोडलेल्या कुत्र्यांना हाक मारून मागे बोलावण्यालाही इंग्रजीत ‘कॉल ऑफ’च म्हणतात. या वेळी वर्ग हसला नाही.

– संपादक