ओळखत नाही? मग काढून टाक!

तर मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. ज्यांनी आयुष्यात कधी कर्नल कंपाइल केलं नाही (म्हणजे घरचे सगळेच!) त्यांनीही वाचा. ताईने तर नक्की.

लिनक्स कर्नलच्या कागदपत्रांत एक नियम आहे. नव्या पर्यायाचं आपोआप धरलेलं उत्तर 'एन', म्हणजे नाही. एका आवृत्तीतून दुसरीत जाताना 'मेक ओल्डकॉन्फिग'ने कमीत कमी भर घालावी, हा हेतू. मला तो पटतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपलंच कार्ड घरोघरी आहे असं वाटतं, त्याला लगाम हवाच. पण त्याच नियमाला एक अपवाद आहे. जे आधी नेहमीच बिल्ड होत होतं, त्याच्यासाठी नवा पर्याय काढलात तर उत्तर 'वाय'. काल चालत होतं ते आज गुपचूप बंद पडू नये, एवढंच.

माझं भांडण आहे "ओळखत नाहीस ते काढून टाक" म्हणणाऱ्या पंथाशी. मीही त्यातलाच. बाबांच्या जुन्या मशीनवर मोठ्या ऐटीत 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवलं. ही सोय २००९ च्या २.६.३२ पासून आहे. त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स ती ठेवते, बाकीची काढते. त्या क्षणी कार्डरीडर लावलेला नव्हता. यूएसबी-स्टोरेज गेलं. मशीन मात्र झकास सुरू झालं, मी खूश.

दोन महिन्यांनी बाबांनी कॅमेऱ्याचं कार्ड लावलं. काहीच दिसेना. खराब झालं समजून त्यांनी ते फेकून दिलं. आजीच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो होते त्यात. मला विचारलंही नाही. "तू कामात असशील," म्हणाले.

आता पंथवाले म्हणतील, रीडर लावून मग चालवायचं होतंस. अहो, पण मी वाचवलं काय? उपकरण लावेपर्यंत ते मॉड्यूल लोडच होत नाही, डिस्कच्या कोपऱ्यात पडून असतं. वाचला तो माझा कंपाइलचा वेळ. किंमत भरली बाबांनी.

फ्रीबीएसडीत 'इन्क्लूड जेनेरिक' लिहून खाली 'नोडिव्हाइस'च्या ओळी लिहिता येतात. काढलेली प्रत्येक गोष्ट नावानिशी, आपल्या हाताने. तशी 'नोडिव्हाइस यूमास' ही ओळ लिहायची वेळ आली असती तर माझा हात नक्की थबकला असता.

असो. ताई, त्या दिवाळीचे एखाद-दोन फोटो बाबांनी तुला मेल केले होते का? जुन्या मेलमध्ये शोध ना जरा.