घरचें कपाट व लोकांचा ज्ञानकोश

‘मराठी विकिपीडियावर लिहावयाचें आहे, आरंभ आमच्या आजेसासऱ्यांच्या चरित्रानें करावा असें घरांत सर्वांचें मत पडलें आहे, तरी रीत सांगावी,’ अशा आशयाचें पत्र एका वाचक भगिनींकडून आम्हांस आलें आहे. बाईंचें शिक्षण चांगलें झालेलें आहे, दुपारचे दोन तास मोकळे आहेत, आणि ज्यांच्याविषयीं लिहावयाचें त्यांनीं पदराला खार लावून तालुक्याच्या गांवीं शाळा काढली व तीस वर्षें चालविली. हेतु स्तुत्य आहे. तथापि आमचें उत्तर घरांतील वडील मंडळींस रुचेल असें नाहीं : आरंभ तेथून करूं नये.

कारण असें. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं १९२० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढिले, तेव्हां त्यांतील मजकुरास संपादकाच्या नांवाचा आधार होता. विकिपीडिया इंग्रजींत जानेवारी २००१ मध्यें व मराठींत १ मे २००३ रोजीं सुरू झाला, आणि तो हौशी लोक बिनपगारी लिहितात. लिहिणारा पंडित कीं शाळकरी पोर, हें वाचकास कळत नाहीं. म्हणून तेथें विधानाचा सारा भार लेखकावर न टाकतां प्रसिद्ध झालेल्या आधारावर टाकिला आहे. ही एक गोष्ट उमगली कीं बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहींत.

आतां नातसुनेनें लिहिलेलें चरित्र कितीही खरें असलें तरी तें नातसुनेनें लिहिलेलें आहे. आजेसासऱ्यांवर घराबाहेरच्या माणसांनीं ग्रंथांत वा वर्तमानपत्रांत स्वतंत्रपणें व विस्तारानें लिहिलें असेल, तर तीं कात्रणें जमवावीं व संबंधित चर्चापानावर आपलें नातें उघड सांगून दुसऱ्या कोणास लेख लिहिण्याची विनंती करावी. तसें लिहिलेलें कांहींच नसेल, तर त्यांची थोरवी कमी होत नाहीं. फक्त ती ह्या कोशाच्या कक्षेंत येत नाहीं. आणि लेख झाला तरी त्यांत ‘प्रातःस्मरणीय’ हें विशेषण राहणार नाहीं, ह्याची घरांत आधींच कल्पना द्यावी.

खातें उघडण्यास पैसा पडत नाहीं व खरें नांव देण्याची सक्ती नाहीं. मात्र एका शिधापत्रिकेवर सर्व कुटुंबाचा शिधा येतो तसें येथें चालत नाहीं. एक नांव एकाच माणसाचें. सासूबाई व सूनबाई दोघींस लिहावयाचें असेल तर दोन नांवें घ्यावीं. रोमन कळा दाबून देवनागरी उमटविण्याची सोय त्या पानांतच आहे. नवशिक्यांसाठीं सरावाचें एक पान असतें. त्यास तेथील मंडळींनीं ‘धूळपाटी’ असें नांव दिलें आहे. ज्यांच्या पणजोबांनीं धुळीवर अक्षरें गिरविलीं त्यांस ह्या नांवाचें मर्म सांगावयास नको. तेथें एकदोन दिवस घालवावे. महिना घालवूं नये.

मग घरचें पुस्तकांचें कपाट उघडावें. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा एखादा चरित्रकोश, एखादें गॅझेटिअर, कोणाचें आत्मचरित्र, जुने दिवाळी अंक, असें कांहीं पुष्कळ घरांत असतें, आणि कित्येक वर्षांत वाळवीवांचून त्यांस वाचक मिळालेला नसतो. त्यांतील एक नांव कोशांत शोधावें. मृत्यूचें वर्षच नाहीं, जन्मगांवाचा तालुका चुकला आहे, एखाद्या विधानास आधार नाहीं, असें कांहींतरी दृष्टीस पडेल. तेवढेंच दुरुस्त करावें आणि खालीं ग्रंथ, लेखक, प्रकाशक, वर्ष व पृष्ठ द्यावें. पृष्ठांक लिहिण्याचा कंटाळा पदवीधरांस विशेष असतो असा आमचा अनुभव आहे. काय बदललें व कां, हें एका ओळींत लिहिण्यासही जागा असते. ती रिकामी ठेवूं नये.

ग्रंथांतील वाक्यें मात्र जशींच्या तशीं उतरूं नयेत. भारतांत ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षें त्याच्या ग्रंथाचा हक्क राहतो. केतकर १९३७ सालीं वारले, त्यामुळें त्यांच्या लेखनास कायदा आडवा येत नाहीं. पण त्यांच्या वेळची लोकसंख्या आजची म्हणून देणें शहाणपणाचें नव्हे.

आपलें वाक्य उद्यां दुसऱ्यानें पालटलेलें दिसेल. त्यांत मानापमान नाहीं. प्रत्येक पानामागें ‘इतिहास’ असतो व त्यांत जुना मजकूर शाबूत राहतो. रागानें पुन्हां तेंच न लिहितां चर्चापानावर कारण विचारावें.

एक अडचण मात्र आम्हांस खरोखर बोंचते. आजीला बाळंतिणीचें पथ्य ठाऊक असतें, माहेरच्या बोलींतले शब्द ठाऊक असतात, विहिरीस कोणतें झाड धार्जिणें तें ठाऊक असतें. छापील आधार नसेल तर ह्यांतलें कांहीं कोशांत जात नाहीं. नियम योग्य आहे. परंतु त्याचा जाच बायकांच्या ज्ञानास अधिक होतो, कारण छापखाने ज्यांच्या हातीं होते त्यांनीं तें छापण्याजोगें मानिलें नाहीं. ह्यावर उपाय कोशांत नाहीं, घरांत आहे. आजी आहेत तोंवर तें उतरून घ्यावें व जाणत्या संपादकाच्या हाताखालून एखाद्या नियतकालिकांत छापवून आणावें. पुढें कोणी परका त्याचा आधार घेऊं शकेल.

ज्यांस स्वतः रचून लिहिण्याचा संकोच वाटतो अशा सेवानिवृत्त मंडळींसाठीं ‘विकिस्रोत’ म्हणून एक शेजारचें दालन आहे. तेथें हक्कमुक्त जुन्या ग्रंथांच्या पानांचीं छायाचित्रें ठेविलेलीं असतात. त्यांशेजारीं उतरलेला मजकूर ताडून पाहून ऱ्हस्वदीर्घ व सुटलेलीं अक्षरें दुरुस्त करावयाचीं. यंत्र ‘घ’ व ‘ध’ ह्यांत सर्रास घोटाळा करितें. शाळेंत शुद्धलेखन तपासून ज्यांची नजर तयार झाली आहे, त्यांस एका पानास पाव तास पुरे.