सत्तर अक्षरांची मराठी

दिवाळीच्या शुभेच्छा पोस्टमनने आणायच्या, त्याच्या हातावर पोस्त ठेवायचे आणि ती भेटकार्डे पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटाच्या काचेत खोचून ठेवायची, ही रीत आता मागे पडली. शुभेच्छा आता थेट खिशात येतात आणि खिशातच विरून जातात. याबद्दल गळा काढण्याचा माझा मुळीच विचार नाही. मी मराठी शिकवणारा माणूस. भाषा बैलगाडीतून येते की विमानातून, याची मला फिकीर नाही. मुक्कामाला ती धडधाकट पोचली म्हणजे झाले. पण मोबाइलच्या या नव्या वाहनात आपल्या मराठीला बसायला किती जागा मिळाली, ही हकीगत मात्र ऐकण्याजोगी आहे. तीत थोडे गणित आहे. भिण्याचे कारण नाही. चौथीतल्या भागाकारापलीकडे आपण जाणार नाही.

मोबाइलची जीएसएम नावाची पद्धत मूळची युरोपची. तिकडच्या टपाल-तार खात्यांनी १९८२ साली एक मंडळ नेमून तिची आखणी सुरू केली. बोलण्याबरोबर लहानसा लेखी निरोपही धाडता यावा, ही कल्पना त्यातच निघाली. निरोप किती लहान असावा, हा प्रश्न जर्मनीच्या फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांच्यापुढे होता. त्यांनी १९८५ साली बॉनमधल्या आपल्या घरी टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्ये टंकून त्यांतली अक्षरे मोजली. बहुतेक वाक्ये १६० अक्षरांच्या आत संपत होती. पोस्टकार्डांवरचा आणि टेलेक्सवरचा मजकूरही फार लांब नसतो, असे दिसून आले. ठरले, १६० पुरेत! पुढे ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने इंग्लंडात नाताळच्या शुभेच्छांचा निरोप धाडला, तो जगातला पहिला एसएमएस. म्हणजे या वाहनातला पहिला उतारूसुद्धा सणाच्या शुभेच्छाच!

आता भागाकार. एसएमएस हा मालगाडीचा एक डबा समजा. त्यात ११२० खण आहेत. प्रत्येक खणात एक 'हो' किंवा एक 'नाही' मावते. या खणाला बिट म्हणतात. एका अक्षराला सात बिट दिले, तर वेगवेगळी १२८ चिन्हे लिहिता येतात आणि डब्यात १६० अक्षरे बसतात. इंग्रजीला हे पुरून उरते. उरलेल्या जागांवर युरोपच्या मंडळींनी आपल्या आप्तेष्टांची सोय लावली. जर्मनांची आणि नॉर्वे-स्वीडनची जादा अक्षरे आली, स्पॅनिशांचे शेंडीवाले अक्षर आले, ग्रीकांची दहा मोठी अक्षरेही दाटीवाटीने बसली. आपली देवनागरी तेथे नव्हती. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. युरोपच्या घरचे कार्य होते. त्यांनी युरोपपुरती पाने मांडली. हे कार्य पुढे साऱ्या जगाचे होईल, हे तेव्हा त्यांच्या गावीही नसावे.

जग जेव्हा पंगतीला आले, तेव्हा दुसरी व्यवस्था निघाली. जगातल्या सगळ्या लिप्यांना सामावणारी युनिकोडची यादी घ्यायची आणि प्रत्येक चिन्हाला सोळा बिट द्यायचे. ११२० ला १६ ने भागा. उत्तर ७०. मराठीच्या वाट्याला ही सत्तर आली. यात आणखी एक मेख आहे. दीडशे अक्षरांच्या इंग्रजी निरोपात एकच 'श्री' देवनागरीत लिहिला, की सारा निरोप सोळा बिटांचा होतो. एका पाहुण्याला केळीचे पान वाढायचे म्हणून साऱ्या पंगतीच्या पत्रावळी उचलाव्यात, तशी ही तऱ्हा.

बरे, ही सत्तर म्हणजे आपण शाळेत मोजतो ती अक्षरे नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातले हलन्त, प्रत्येकाचे तिकीट वेगळे. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. हा फोन त्यात सहा जण मोजतो. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' यात आपण दहा अक्षरे मोजू. फोनच्या हिशेबी, मधल्या दोन रिकाम्या जागा धरून, ती होतात २७. यावरून कोणी म्हणेल, मराठीच उधळी! तसे नाही. हीच शुभेच्छा रोमन लिपीत लिहून मोजली, तर ३० जागा लागतात. म्हणजे देवनागरी तीन जागा वाचवते. पण रोमनचे ओझे ३० गुणिले ७, म्हणजे २१०. देवनागरीचे २७ गुणिले १६, म्हणजे ४३२. माणूस सडपातळ, पण तिकीट दुप्पट!

मराठी माणूस हिशेबाला पक्का. त्यातून सणावारी सवलतीचे पॅक चालत नसत आणि दर निरोपाला पुरे पैसे पडत. तेव्हा त्याने देवनागरीला रजा दिली आणि मराठी रोमन लिपीत लिहायला घेतली. देवनागरीची कळफळी गैरसोयीची होती, हेही कारण खरेच. पण त्या लिपीत 'ल' आणि 'ळ' यांचा भेद राहिला नाही, 'न' आणि 'ण' यांचा राहिला नाही, 'त' आणि 'ट' यांचाही नाही. 'भाऊ काल आला' ही आनंदाची बातमी. रोमन लिपीत ती वाचणाऱ्याने 'काळ आला' अशी वाचली, तर घरात रडारड व्हायची! विनोद सोडा. पंधरा-वीस वर्षे एका पिढीच्या बोटांना जे वळण लागते, ते सहजी जात नाही. आज जागेची अडचण उरली नाही, व्हॉट्सॲपवर पानेच्या पाने लिहिता येतात, तरी माझ्या वर्गातली कितीतरी मुले मनातले मराठी रोमनमध्येच उतरवतात. अडचण गेली, सवय राहिली.

निरोप पोचला, तरी तो पडद्यावर नीट दिसला पाहिजे, हे दुसरे प्रकरण. प्रत्येक एसएमएसच्या कपाळावर एक छोटी चिठ्ठी असते. मजकूर सात बिटांचा की सोळा बिटांचा, हे ती फोनला सांगते. पडद्याशी कसे वागायचे, तेही तीच सांगते. काही निरोप फोनच्या पेटीत जपून ठेवायचे, काही सिमकार्डात. आणि 'शून्य वर्गा'चा निरोप मात्र कोणाची परवानगी न घेता थेट पडद्यावर झळकवायचा, साठवायचा नाही. घाईचा निरोप्या उंबरठ्यावरूनच ओरडून जातो, तसा.

चिठ्ठी बरोबर असूनही जुन्या फोनांवर मराठीच्या जागी चौकोनांची रांग उमटे. निरोप आलेला असे, पण ती अक्षरे काढायचे साचेच फोनपाशी नसत. साचे असले तरी काम सोपे नव्हते. 'दि' लिहिताना फोन आधी 'द' साठवतो आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. 'हार्दिक'मधला रफार साठवताना 'द'च्या आधी असतो, दिसताना डोक्यावर चढतो. ही उलथापालथ न शिकवलेला फोन ऱ्हस्व वेलांटी भलत्याच्याच गळ्यात घालतो. त्यात जागा किती? २००० साली आलेल्या नोकियाच्या ३३१० या फोनचा पडदा ८४ ठिपके रुंद आणि ४८ ठिपके उंच होता. त्यात शिरोरेषा, वरची मात्रा, खालचा उकार आणि मध्ये जोडाक्षर, हे सारे बसवायचे. तांदळाच्या दाण्यावर नाव कोरण्याचीच कला ती.

दुरुस्त्या झाल्या, पण उशिरा. सात बिटांच्या पद्धतीत आधी तुर्की, स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांसाठी वेगळे तक्ते निघाले, मागोमाग दहा भारतीय भाषांसाठीही. त्या दहांत मराठीचे नाव नाही. देवनागरी तेथे हिंदीच्या नावाने आहे. तोवर नवे फोन आणि इंटरनेट आले, आणि व्यवहारात सोळा बिटांचीच पद्धत रुळून राहिली. भारतीय मानक ब्युरोने २०१६ साली मात्र एक मोलाचे काम केले. आय. एस. १६३३३ या मानकाच्या तिसऱ्या भागाने ठरवले, की भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर आपल्या २२ अधिकृत भाषांतला मजकूर वाचता आलाच पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिताही आले पाहिजे. चौकोनांचे राज्य संपवायचा हा कायदेशीर उपाय.

मग आता तक्रार कसली? सांगतो. आमच्या एक आत्या आहेत. मराठी सातवीपर्यंत शिकलेल्या, रोजचे वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचणाऱ्या. त्यांच्या बँकेचे निरोप इंग्रजीत येतात. पैसे काढायचे, की सहा आकड्यांचा गुप्त अंक येतो आणि खाली इंग्रजीत ताकीद असते, की हा कोणालाही सांगू नका. ती ताकीद वाचून घेण्यासाठी आत्या शेजारच्या मुलाला हाक मारतात. म्हणजे गुप्त अंक आधी शेजारी जातो, आणि तो सांगू नये हे त्यांना मागाहून कळते!

धाडणाऱ्यांचे गणित मी वर मांडलेच आहे. सव्वाशे अक्षरांचा इंग्रजी निरोप एका डब्यात मावतो. तेवढ्याच लांबीच्या मराठी निरोपाला दोन डबे लागतात, आणि लाखो निरोप धाडणाऱ्याला भाडे डब्यामागे पडते. हे मला मान्य आहे. पण मीही मोजून पाहिले. 'हा अंक कोणालाही सांगू नका' याला २५ जागा लागतात. सत्तरातून ४५ उरतात. त्यांत सहा आकडे आणि बँकेचे नाव सुखाने बसते. तेव्हा जागा नाही, ही सबब खरी नव्हे.

हिलेब्रांट यांनी टाइपरायटरपाशी बसून आपल्या भाषेतली वाक्ये मोजली, म्हणून त्यांच्या भाषेला पुरेशी जागा मिळाली. आपली वाक्ये दुसरा कोणी मोजणार नाही. ती आपणच मोजायची आणि मागायची. बँकेत, वीज कार्यालयात, विम्याच्या कचेरीत निरोपाची भाषा विचारणारा रकाना असला, तर तेथे निःसंकोच 'मराठी' लिहा; नसला, तर तो का नाही, असे लेखी विचारा. आणि यंदाच्या शुभेच्छा देवनागरीत धाडा. सत्तावीसच जागा लागतात.