दाराबाहेरच्यांनी ठेवलेले नाव

घानाच्या हायलाइफ संगीताला सगळे 'परंपरा आणि आधुनिकता यांचा सुंदर संगम' म्हणतात. कौतुकाला आमची हरकत नाही. पण हा संगम केला कोणी, हे सांगताना जीभ का अडखळते?

घाना तेव्हा गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी केप कोस्ट आणि एल्मिना येथे वेस्ट इंडिजचे काळे सैनिक आणून ठेवले. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांचेच हे वंशज! ते बँडवर आपल्या बेटांच्या चाली वाजवीत. त्या ऐकून स्थानिक वादकांनी त्याच पितळी बाजांवर आपला ताल बसवला. दुसरीकडे लायबेरियाचे क्रू खलाशी अंगठा आणि तर्जनी या दोनच बोटांनी गिटार वाजवीत. ती पद्धत बंदरातून आतल्या मुलखात गेली आणि अकान लोकांच्या सेपरेवा या जुन्या तंतुवाद्याचे वळण गिटारवर उतरले. १९२८ साली कुमासी ट्रिओने लंडनमध्ये 'या अम्पोन्सा' ध्वनिमुद्रित केले, ते याच परंपरेतले. ज्या गावांना पितळी बाजे परवडत नव्हते, त्यांनी लाकूड-कातड्याचे ढोल केले आणि बाजाची जागा गळ्याने भरून काढली. त्याला कोंकोमा म्हणत.

आणि नाव? साहेबी क्लबांतील वाद्यवृंद १९२० च्या दशकात रस्त्यावरच्या या चाली वाजवू लागले. आत जायचे तर महागडे तिकीट, अंगावर सूट, डोक्यावर उंच हॅट. ज्यांना हे जमत नव्हते ते बाहेर उभे राहून ऐकत. आतल्यांच्या त्या थाटाला त्यांनीच 'हायलाइफ' म्हटले, असे प्रसिद्ध वादक ई. टी. मेन्सा यांचे बंधू येबुआ मेन्सा सांगत. म्हणजे चालही बाहेरच्यांची, नावही बाहेरच्यांचे!

१९५७ साली घाना स्वतंत्र झाला. एन्क्रुमांनी हायलाइफला राष्ट्राचे संगीत म्हणून उचलून धरले. योग्यच केले. पुढे पॉल सायमन या अमेरिकन गायकाने १९९० च्या अल्बममध्ये 'या अम्पोन्सा'ची धून वापरली, त्याचा मोबदला घानाला मिळाला. तेही रास्त. पण २००५ च्या कॉपीराइट कायद्याचे काय? या कायद्याने लोककलेचे हक्क जनतेचे विश्वस्त म्हणून राष्ट्राध्यक्षांकडे दिले. १९८५ च्या कायद्यात परवानगीचे बंधन परदेशी माणसांपुरते होते. आता लोककलेचा व्यापारी वापर करायचा तर घानाच्या माणसानेही सरकारी मंडळाकडे अर्ज करायचा आणि शुल्क भरायचे. उद्या आपल्याकडे हलगीच्या तालावर कॅसेट काढायला मंत्रालयातून परवाना आणावा लागला, तर आपण गप्प बसू काय?

विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. सूटबूट नव्हता म्हणून ज्यांच्या आजोबांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्या नातवांना आता पावती नाही म्हणून अडवायचे, हा कोणता न्याय? परदेशी कंपन्यांकडून घानाने जरूर वसुली करावी. कुमासीच्या पोराने मात्र जुन्या चालीवर नवे गाणे बांधले, तर त्याच्यापुढे अर्जाचा कागद धरू नये. घानाच्या संसदेने १९८५ ची सूट त्याला परत द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.