इंजिन नाही, म्हणून दोष नाही?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ साली मालवाहू ट्रेलरांनाही इंधनबचतीचे निकष लावले. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ते रद्द ठरविले. कारण, ट्रेलरला इंजिन नसते; सबब तो कायद्याच्या व्याख्येतील 'मोटार वाहन' नव्हे. हा अर्थ कायद्याच्या शब्दांना धरूनच असेल; परंतु वाऱ्याला कायद्याच्या व्याख्या ठाऊक नसतात.

वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हमरस्त्यावर भरधाव जाणाऱ्या ट्रकाचे बरेचसे डिझेल हवा बाजूला सारण्यातच जळते, आणि त्यात ट्रेलरच्या चौकोनी पेटाऱ्याचा वाटा मोठा असतो. चौकोनी गाडीच्या कडा गोलावल्या की हा रोध किती घटतो, हे कॅलिफोर्नियातील 'नासा'च्या संशोधकांनी १९७०च्या दशकातच प्रयोगाने दाखविले होते. चाकांमधील पोकळी झाकणारे, झालरीसारखे बाजूचे तक्ते आणि पाठीमागे निमुळती होत जाणारी जोडणी, एवढ्या साध्या उपायाने ५ टक्के वा अधिक इंधन वाचू शकते.

मग हे स्वेच्छेने का होत नाही? पुष्कळदा ट्रेलर एकाचा असतो आणि डिझेलचा खर्च दुसऱ्याचा. ज्याने तक्ते बसवावयाचे, त्याच्या पदरात बचत पडत नाही. अशा ठिकाणी बाजार आपोआप शहाणा होत नसतो; नियमच लागतो. कॅलिफोर्नियाने २००८ साली ५३ फुटी व त्याहून लांब बंदिस्त ट्रेलरांसाठी तसा नियम स्वीकारला. त्यामुळे तेथील मालवाहतूक काही ठप्प झाली नाही. न्यायालयाने शब्दावर बोट ठेवले आहे. तो शब्द बदलणे हे अमेरिकन काँग्रेसचे कर्तव्य आहे. ते तिने टाळू नये.