आधी हर्ट्झ बघा, मग पाना उचला

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते आणि ३१ जुलैला उठते. शाकारलेल्या नौकांवर जी काही डागडुजी व्हायची ती याच ६१ दिवसांत होते. मिरकरवाडा असो, हर्णे असो की मालवण, या दिवसांत जुन्या जनरेटरबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘चालू मस्त होतो, पण लोड घेत नाही.’ दिवे लावले तोवर ठीक, पंप किंवा कॉम्प्रेसर टाकला की मशीन बसते. यापुढचा क्रमही ठरलेला. मेकॅनिक म्हणतो आल्टरनेटर गेला, वायरमन म्हणतो इंजिनात दम नाही. ज्याला आधी बोलावले त्याचा पाना आधी चालतो. नोझल उतरतात, पंप कॅलिब्रेशनला जातो, नवा एव्हीआर बसतो आणि ऑगस्टमध्ये नौका तीच तक्रार घेऊन बाहेर पडते. आमच्या मते यात कारागिरीचा दोष थोडा आणि तपासणीच्या पद्धतीचा जास्त आहे. बिघाड लोडवर दिसतो आणि तपासणी बिनलोडवर होते. धक्क्यावर मोकळा फिरवून ‘आता बघा कसा चालतो’ असे म्हणण्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण मोकळा तो आधीही चालतच होता.

लोड चालू असताना जनरेटरच्या स्वतःच्या टर्मिनलवर, एकाच वेळी, हर्ट्झ, व्होल्ट आणि अँपिअर हे तीन आकडे घ्यावेत आणि ते कागदावर उतरेपर्यंत एकही नट सैल करू नये, असे आमचे म्हणणे आहे. चार पोलचा आल्टरनेटर १५०० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ देतो, दोन पोलचा ३००० वर. म्हणजे हर्ट्झ हा निव्वळ इंजिनाचा हिशेब आहे, वाइंडिंग कसेही असले तरी तो बदलत नाही. हर्ट्झ जागेवर असताना व्होल्ट पडले तर ती आल्टरनेटरची बाजू. अँपिअर सांगतात की मागणी मुळात किती आहे. १० केव्हीएचा सिंगल फेज सेट २३० व्होल्टवर ४३ अँपिअरच्या आसपास देतो, आणि ०.८ पॉवर फॅक्टर धरला तर इंजिनावर ८ किलोवॅटचा भार येतो. टाँग टेस्टर ५२ अँपिअर दाखवत असेल तर बिघाड मशीनमध्ये शोधण्यात अर्थ नाही. उलट बाहेरचे अँपिअर नगण्य आणि तरी इंजिन दबते, आल्टरनेटर तापतो, वार्निश जळल्याचा वास येतो, असे असेल तर शॉर्ट आत वाइंडिंगमध्ये आहे. मेकॅनिकी गव्हर्नरच्या सेटमध्ये बिनलोडला ५२ आणि पूर्ण लोडला ५० हर्ट्झ एवढा उतार सामान्य समजायचा. पूर्ण लोडच्या आधीच आकडा ४८ च्या खाली घसरू लागला की दखल घ्यायची.

यावर जाणकार वायरमन लगेच हरकत घेईल, आणि ती रास्त आहे: फेऱ्या पडल्या की व्होल्टही पडतातच, मग दोष कोणाचा हे कसे ओळखायचे? बहुतेक एव्हीआरमध्ये कमी फ्रिक्वेन्सीपासूनचे संरक्षण असते. फ्रिक्वेन्सी ठरलेल्या आकड्याच्या साधारण ९५ टक्क्यांखाली, म्हणजे ५० च्या मशीनवर ४७.५ हर्ट्झखाली गेली की एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज उतरवतो, जेणेकरून दबलेल्या इंजिनावरचा भार हलका व्हावा आणि रोटर जळू नये. पॅनलवर १९० व्होल्ट दिसले म्हणून एव्हीआर बदलला तर नवा एव्हीआरही इमानाने १९०च दाखवतो. काही जण मग त्या संरक्षणाचा स्क्रू फिरवून ते निकामी करतात, आणि काही दिवसांनी रोटर रिवाइंडिंगला जातो. म्हणून दोन्ही आकडे पडलेले दिसले की निकाल आधी हर्ट्झचा लावायचा. इंजिन ५० वर उभे करता आले आणि तरीही व्होल्ट खालीच राहिले, तरच आल्टरनेटर उघडायचा. अलंगच्या जहाजतोडणीतून आलेल्या सेटांचा आणखी एक घोळ असतो. त्यांतले पुष्कळसे मूळचे ६० हर्ट्झचे, १८०० फेऱ्यांचे, ४४० व्होल्टचे. ते १५०० वर चालवले की इंजिनाची ताकद साधारण सहाव्या भागाने घटते, आणि एव्हीआरवरची लिंक ६० वरच राहिली असेल तर त्याचे संरक्षण ५७ हर्ट्झखालीच जागे होते. ही मशीन पहिल्या दिवसापासून ‘आजारी’ दिसते, आणि आजार असतो दोन इंचांच्या लिंकमध्ये. नेमप्लेटवरचा रंग खरवडून ती वाचायला पाच मिनिटे लागतात.

दुसरी हरकत जुन्या मेकॅनिक मंडळींची: कान असताना मीटर कशाला? इंजिन कधी दबले हे तयार कानाला नक्की कळते, पण ते ४९ वर दबले की ४६ वर, हे कळत नाही, आणि व्होल्टेज तर कानाला ऐकूच येत नाही. कानाच्या भरवशावर होणारा सर्वांत महागडा उपाय म्हणजे रेस वाढवणे. गव्हर्नरचा स्क्रू अर्धा फेरा आवळला की लोडवरचा आवाज सुधारतो, मालक खूश होतो. पण बिनलोडला मशीन ५४-५५ हर्ट्झवर, म्हणजे १६२० ते १६५० फेऱ्यांवर फिरत राहते. कंडेन्सरवर चालणाऱ्या छोट्या आल्टरनेटरला व्होल्टेज आवरणारा एव्हीआर नसतो, तिथे रात्री दोन दिवे चालू असताना व्होल्टेज २५० च्या पुढे जाते आणि बॅटरी चार्जर, जीपीएसचा अडॅप्टर, एलईडीचे ड्रायव्हर एकामागून एक जातात. मूळ दुखणे, समजा तुंबलेला फिल्टर, तसेच राहते, फक्त ते दिसायला आणखी दोन महिने लागतात. तपासणीपुरती रेस हलवायला हरकत नाही, पण काम संपल्यावर ती मूळ खुणेवर परत यायला हवी. एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. स्वस्त मल्टिमीटरचे हर्ट्झ, लोडमध्ये एलईडी ड्रायव्हर किंवा इन्व्हर्टर असले की लहर विस्कटल्यामुळे भलतेच येऊ शकतात. शंका आली तर पुलीवर चमकती पट्टी लावून टॅकोमीटरने फेऱ्या मोजा.

हर्ट्झ पडतात असे ठरल्यावरही लगेच नोझलला हात लावायचे कारण नाही. धुराकडे पाहा. लोड टाकल्यावर फेऱ्या पडल्या आणि धूर काळा झाला, तर डिझेल पोचते आहे, हवा कमी पडते आहे किंवा धूर बाहेर पडण्याची वाट कोंडली आहे. फेऱ्या पडल्या आणि धूर जवळजवळ नाहीच, तर इंजिन उपाशी आहे. (समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या एक्झॉस्टमधून वाफ येते, तिला पांढरा धूर समजू नये.) उपाशी इंजिनासाठी सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच बांधून थेट लाइन देणे आणि तोच लोड पुन्हा टाकणे. हर्ट्झ सावरले तर पंप-नोझल निर्दोष आहेत आणि चोर टाकीपासून फिल्टरपर्यंत कुठेतरी आहे: टाकीच्या तळाचे पाणी आणि शेवाळासारखा गाळ, उचल नळीची जाळी, बुजलेली हवेची नळी, किंवा बाहेरून धडधाकट दिसणारा पण आतून पापुद्रा सुटलेला होज, जो ओढ वाढली की आतल्या आत मिटतो. काळ्या धुराच्या बाबतीत एअर फिल्टरनंतर एक्झॉस्टचा एल्बो पाहावा. जिथे गरम वायूत समुद्राचे पाणी मिसळते तिथे काजळी, मीठ आणि गंज यांचा दगडासारखा थर जमतो. अंगठा सहज जावा अशा वाटेत पेन्सिलही अडकावी, इतका तो वाढलेला असतो. बाहेरून मात्र एल्बो रंगवलेला, नीटनेटका. इंजिन खोलीची झडपे आवाज नको म्हणून बंद ठेवलेली असतील तर ती उघडून पुन्हा आकडे घ्या.

जुन्या मशीनला हल्ली एक नवे दुखणेही जडले आहे. हॅलोजन जाऊन एलईडी आले, लोड उतरला, पण जनरेटर तोच राहिला. १५ केव्हीएचा सेट रात्र रात्र दीड-दोन किलोवॅटवर चालतो. डिझेल इंजिनाला असे अर्धपोटी चालणे मानवत नाही: जळण अपुरे होते, नोझलच्या टोकावर आणि रिंगांत काजळी धरते, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो. मग एखाद्या दिवशी खरा लोड आला की ते धापा टाकते. काजळीपुरतेच असेल तर दोन-तीन तास टप्प्याटप्प्याने लोड वाढवून फरक पडतो. लायनर गुळगुळीत झाला असेल तर होनिंगला पर्याय नाही.

हर्ट्झ स्थिर आणि व्होल्ट खाली, असे निघाले तरी आल्टरनेटर उघडण्याआधी आणखी एक मोजमाप राहते. जनरेटरच्या टर्मिनलवर किती आणि पॅनलवर किती? टर्मिनलवर २२८ आणि पॅनलवर २२० असेल तर आठ व्होल्ट वाटेत हरवले. ३० अँपिअरला ती २४० वॅटची उष्णता झाली. ती एकाच थिंबलवर साठत असेल तर केबलचे इन्सुलेशन तिथे तपकिरी पडलेले दिसेल आणि टेप सोलला की तांब्यावर हिरवी पूड. खाऱ्या हवेत ही गोष्ट एवढी नेहमीची आहे की आम्ही ती पहिल्या पायरीतच घेऊ. त्यानंतर छोट्या मशीनचा कंडेन्सर: तो आधी डिस्चार्ज करून मोजावा. छापील ३० मायक्रोफॅरडच्या जागी २२ भरले तर बिनलोडला व्होल्ट जेमतेम बरे आणि लोडवर कोसळणारे, हे चित्र जुळते. ब्रशलेस मोठ्या मशीनमध्ये फिरता डायोड गेला तरी लक्षण असेच दिसते. एव्हीआरची पाळी या सगळ्यानंतर.

हे सगळे करायला बंदरावर लोड बँक कुठे आहे, हा प्रश्न व्यावहारिक आहे. लोड बँक नसली तरी पाणी तापवायचे हीटर आणि जुने हॅलोजन एका पाटीवर बांधून पाव, अर्धा, पाऊण असा लोड देता येतो. मिठाच्या पाण्याच्या पिंपात पत्रे बुडवून लोड देण्याची युक्ती ओल्या लाकडी डेकवर आम्हाला अजिबात मान्य नाही. मोटरपेक्षा हीटर बरे, कारण थेट चालू होणारी मोटर सुरुवातीला पाच ते सात पट करंट ओढते आणि त्या क्षणाचा झोक बिघाड समजला जातो. हर्ट्झ दोन-तीन सेकंदांत सावरत असतील तर दोष जनरेटरचा नसून स्टार्टरच्या निवडीचा आहे. नौका किनाऱ्यावर ओढलेली असेल तर समुद्रपाण्याच्या पंपाला पिंपातून पाणी द्या. रबरी इम्पेलर कोरडा फिरला तर तपासणीतूनच नवा बिघाड उभा राहील.

राहता राहिला मालकाचा मुद्दा: एवढी मोजमापे करून पैसे कोण देणार, आणि मशीन वीस वर्षांचे आहे तर सरळ नवेच का घेऊ नये? नवा पार्ट दिसतो, त्याचे पैसे मिळतात, तपासणी दिसत नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे बिनलोड, अर्धा आणि पाऊण लोडचे तिन्ही आकडे, आधीचे आणि नंतरचे, बिलावर लिहून देणे आणि त्या ओळीचे वेगळे पैसे लावणे. नवे मशीन घ्यावे की नाही हेही त्याच आकड्यांवर ठरावे. स्वच्छ डिझेल, मोकळा एक्झॉस्ट, भरपूर हवा असूनही अर्ध्या लोडला हर्ट्झ ४७ वर येत असतील, ब्रीदरमधून धूर फुंकला जात असेल आणि कॉम्प्रेशन सिलिंडरागणिक वेगवेगळे भरत असेल, तर ओव्हरहॉलचा अंदाज आणि नव्या सेटची किंमत मालकासमोर शेजारी शेजारी ठेवावी. यातले काहीच नसेल, तर जुलै संपायच्या आत फिल्टर, एल्बो आणि थिंबल बदलून तेच मशीन पुन्हा पाऊण लोडवर तासभर चालवून दाखवावे.